कोपराला विचारा

फॉर्म चार पानी होता, आणि धाकट्यानं तो नेमका सुपाच्या भांड्याला टेकवून उभा केला. म्हणजे वाढून घ्यायला जो कोणी हात पुढे करील त्याला तो दिसायलाच हवा.

"पाचपर्यंत कळवायचंय," तो म्हणाला. "एकच खोली रिकामी आहे. मोठी खिडकी, खाली बाग, चोवीस तास नर्स. आज हो म्हटलं नाही तर ते दुसऱ्याला देणार."

"वाजले किती?" आक्कानं विचारलं.

"साडेबारा."

"मग आधी जेवू तरी दे."

पण जेवत कोणीच नव्हतं. टेबलाच्या वरच्या टोकाची अप्पांची खुर्ची गेल्या चार महिन्यांसारखी आजही रिकामी होती. त्यांचं ताट थोरल्या सुनेनं त्यांच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं, आणि ते तिथं तसंच पडलेलं असणार हे टेबलाभोवतीच्या चौघांनाही ठाऊक होतं. अप्पांच्या विजारीच्या पट्ट्याला आता नवं भोक पाडावं लागलं होतं. घरात माणूस असा दिवसागणिक वाळत चालला की घरातल्या बाकीच्यांच्याही घशाखाली घास उतरत नाही.

थोरली नेहमीसारखी एक पाय मुडपून, त्याच्यावर बसली होती. या घरात येऊन तिला बावीस वर्षं झाली, आणि बावीस वर्षं ती या टेबलाशी अशीच बसत आली होती, कारण तिचे पाय जमिनीला टेकत नसत. खुर्च्याही अप्पांच्याच मापाच्या, आणि टेबल त्यांनी स्वतः केलेलं. एकतीस इंच उंच. बाजारात मिळतात ती बुटक्यांची, असं ते म्हणायचे. स्वतः पाच फूट अकरा, स्वयंपाकघराच्या दारातून वाकून येणारे. त्यांचं कोपर जिथं टेकायचं तिथं त्यांनी टेबल आणलं आणि साऱ्या घराला त्याच्याशी बसवलं. सासूबाई होत्या तोवर त्या पायाखाली बिस्किटांचा पालथा डबा घेऊन बसायच्या. कोणी पाहुणा आला की डबा पायानंच हळूच आत सरकवायच्या. त्या गेल्या आणि डबाही गेला.

"दादा, तू काहीतरी बोल," धाकटा म्हणाला. "रोजचं तू बघतोस. मी महिन्यातून एकदा येणार, उंटावरून शेळ्या हाकतो म्हणशील."

"म्हणतोच आहे," दादा म्हणाला.

"मग सांग ना, चुकीचं काय बोलतोय मी? गेल्या महिन्यात रंधा मारताना हात सुटला, तीन टाके पडले. सूप अंगावर सांडतं. कप तोंडाशी नेईपर्यंत अर्धा होतो. मागं तर त्यांनी वाडगा भिंतीवर फेकला, तूच फोनवर सांगितलंस. डॉक्टर म्हणाले वयोमान. आणखी काय व्हायची वाट बघायची?"

दादानं भिंतीकडे पाहिलं. डाग धुऊन काढला होता तरी त्या जागी रंग फिका पडला होता. मागच्या वर्षी घरच्या सुतारकामाच्या कारखान्यातली अप्पांची जुनी खुर्ची काढून टाकण्यावरून बापलेकांचं जे वाजलं, त्यानंतर दोघांच्यात कामापुरतंच बोलणं उरलं होतं. ज्याच्याशी बोलणंच बंद त्याला घरात ठेवा म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

आक्का चमच्यानं सूप ढवळत होती. ती या भावंडांत मोठी, शाळेची मुख्याध्यापिका. तिचा आवाज चढत नसे, फक्त शब्द सुटे सुटे व्हायचे.

"एक गोष्ट मला कळत नाही," ती म्हणाली. "दिवाणखान्याला रंग देत होतात तेव्हा अप्पा पंधरा दिवस माझ्याकडे होते. तिथं व्यवस्थित जेवायचे. सूपसुद्धा. माझ्या समोर बसून. एक थेंब सांडला नाही."

"म्हणजे?" दादानं विचारलं.

"म्हणजे काही नाही. जे पाहिलं ते सांगते."

"म्हणजे इथं मुद्दाम करतात?"

"मी असं म्हटलं नाही. पण माणूस एका घरात जेवतो आणि दुसऱ्या घरात जेवत नाही, तर कुणीतरी विचार करावा."

कुणीतरी म्हणजे कोण, हे न कळायला थोरली काही दूधखुळी नव्हती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एरवी तिनं आक्काला तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं. आजवर दिलंही होतं. पण आज ती ताटाची कड बोटानं पुसत राहिली. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना, तसं झालं होतं.

"मी त्यांना माझ्याकडेच ठेवलं असतं," आक्का पुढं म्हणाली. "पण सकाळी सातला मी बाहेर पडते ती पाचला येते. तीन जिने. दिवसभर कुलपात ठेवल्यासारखं. म्हणून मीही हो म्हणते. मला आवडत नाही, पण हो म्हणते."

झालं. दोन मतं एका बाजूला गेली. थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पावाचा तुकडा बोटांनी चुरत होता.

"अहो," ती म्हणाली.

"अप्पांनी स्वतःच सही केली आहे," दादा हळूच म्हणाला. "काल रात्री धाकट्यानं कागद नेला, त्यांनी वाचला आणि सही केली. चष्मासुद्धा मागितला नाही. मग आपण कोण नाही म्हणणारे?"

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. 

"चला, भरून टाकू," धाकट्यानं पेन काढलं. त्याचाही आवाज बसला होता; वाईट माणूस नव्हता तो, नुसता घाबरलेला होता. "वय एकोणऐंशी. रक्तगट मला माहीत आहे. ॲलर्जी नाही. उंची... उंची किती लिहू?"

"पाच अकरा," दादा म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

पेन कागदाला टेकलं.

"नाही," थोरली म्हणाली.

तिघांनी वर पाहिलं.

"पाच आठ लिहा भाऊजी. तेही जेमतेम."

दादा हसला, अशा वेळी माणूस हसतो तसं, ओठांनीच. "अगं, काय बोलतेस? पन्नाशीतले शर्ट त्यांना अजून जसेच्या तसे बसतात. सगळ्यांना सांगत असतात ते."

"बसतात, कारण मी ते कापलेत."

आता सांगायला हवं की थोरलीचा शिवणाचा धंदा होता. घराच्या मागच्या खोलीत तिचं मशीन, आणि अर्ध्या गावाची अंगं तिला तोंडपाठ. कुणाचा खांदा उतरलाय, कुणाचं पोट सुटलंय, हे घरच्यांच्या आधी तिच्या टेपला कळायचं. सासूबाई गेल्या त्या आठवड्यात अप्पा आरशासमोर उभे होते आणि शर्ट त्यांच्या अंगावर झग्यासारखा लोंबत होता. खांदे उतरल्यामुळे बाह्या अंगठ्यापर्यंत. ते आरशाकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा असा उतरला की थोरलीला ते बघवेना. त्या दुपारी तिनं सातही शर्ट खालून अर्धा इंच आत घेतले, बाह्या आखूड केल्या, इस्त्री करून कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी अप्पा ताठ मानेनं जेवायला आले. मग दोन वर्षांत आणखी पाच वेळा ती तसंच करत गेली, शेवटच्या वेळी फक्त पाव इंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती स्वतःला सांगायची. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच थांबतं?

हे सगळं तिनं भरभर, ताटाकडे बघत सांगितलं.

"एकूण किती?"

आवाज दारातून आला. अप्पा उभे होते, हातात न जेवलेलं ताट. सवयीनं ते वाकूनच आत आले. आणि चौकटीखालीच त्यांनी मान सरळ केली, तरी चौकट त्यांच्या डोक्याच्या वर चांगली चार बोटं राहिली. इतके दिवस ते वाकत होते म्हणून कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. आता सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांनी पाहिलं हे अप्पांनीही पाहिलं.

"सूनबाई, मी विचारतोय. एकूण किती कापलेस?"

"पावणेतीन इंच," ती म्हणाली.

त्यांनी ताट टेबलावर ठेवलं. ठेवताना ताट टेबलाच्या कडेला अडखळलं, सूप हिंदकळलं आणि टेबलावर सांडलं. ते त्या डागाकडे बघत बोलले.

"चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला मी सुताएवढंही खोटं माप दिलं नाही. इंचाचे आठ सूत, त्यातलं एक. आणि माझ्याच घरात, माझ्याच अंगावर तू दोन वर्षं खोटं माप चढवत होतीस?"

"अप्पा, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते नको. मला काय वाटलं ते ऐक. मी रोज आरशात बघायचो. शर्ट तसाच. बाही तशीच. म्हटलं, अंग जागच्या जागी आहे. मग रंधा का अडखळतो? चमचा का सांडतो? म्हणजे हात गेले. हात गेले तर डोकं आज ना उद्या जाणारच. मी सही केली ती उगीच केली? उद्या करवत सुटून कारखान्यात कुणाला लागली असती म्हणजे? मला माझीच भीती वाटायला लागली होती, पोरी. रात्र रात्र हात समोर धरून बघत बसायचो. आणि तू पलीकडच्या खोलीत टाके घालत होतीस!"

त्यांचा आवाज फाटला. थोरलीला रडू आवरेना. दयेनं केलं होतं, अगदी जीव तुटून केलं होतं, आणि त्या दयेनंच या माणसाला घराबाहेर काढायची वेळ आणली होती. आपला हात तोडून टाकावा असं तिला वाटलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "साफ चुकलं. तुमचं तोंड उतरलेलं मला बघवलं नाही. पण सांगायला हवं होतं."

"आता रडून काय होणार?" धाकटा म्हणाला, पण फॉर्मवरचं त्याचं पेन थांबलं होतं.

आक्का मात्र कपाळाला आठ्या घालून कुठंतरी भलतीकडेच बघत होती. वर्गात एखाद्या मुलाचं चुकलेलं गणित बरोबर निघतंय असं वाटलं की ती अशीच बघायची.

"माझ्याकडचं टेबल," ती म्हणाली. "शाळेतून मोडीत काढलेलं आहे. सातवीच्या वर्गातलं."

"बरं मग?" धाकट्यानं विचारलं.

"बुटकं आहे रे! या टेबलापेक्षा चांगलं चार बोटं बुटकं!"

दादाच्या बोटांतला पाव खाली पडला. काही झालं तरी तो त्याच बापाचा लेक होता. त्यानं एकदा अप्पांच्या कोपराकडे पाहिलं, एकदा टेबलाच्या कडेकडे पाहिलं आणि खुर्ची मागं सारून उभा राहिला.

"अप्पा, कारखान्यात चला."

"कशाला?"

"मापाच्या खुर्चीवर."

अप्पांनी मान वळवली. "ती तर तू भंगारात काढणार होतास."

"काढणार होतो. काढली नाही."

घराच्या पुढच्या अंगाला कारखाना होता, रविवारचा बंद. दादा आता प्लायवूडची तयार कपाटं करायचा, सगळी एका मापाची. पण मापाची खुर्ची कोपऱ्यात पोत्याखाली अजून होती. साधी सागवानी खुर्ची, बैठक दोन खुंट्यांवर टेकलेली. खुंट्या वरखाली लावायला पायांना अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं. समोर एक आडवी फळी, तीही तशीच वरखाली होणारी. टेबल करून हवंय म्हणून जो कोणी यायचा त्याला अप्पा आधी हिच्यावर बसवायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "मला तीसचं करा." अप्पा म्हणायचे, "तोंडाला नका विचारू, कोपराला विचारा. कोपर खोटं बोलत नाही." दादा ते ऐकत लहानाचा मोठा झाला होता.

त्यानं पोतं काढलं, धूळ झटकली आणि बापासमोर हात जोडल्यासारखे पुढं धरले.

"बसा साहेब. चपला काढून. पाठ टेकवा, ताठ बसायचं नाटक करू नका."

हे शब्दही अप्पांचेच. अप्पा क्षणभर त्याच्याकडे रोखून बघत राहिले. सगळ्यांना वाटलं, आता परत जातात. मग त्यांनी चपला काढल्या आणि बसले.

दादा गुडघ्यावर बसला. बैठकीच्या कडेला, मांडीखाली त्यानं आडवा तळहात सरकवला. हात सरळ आत गेला, न अडता, न लोंबता. टाचा जमिनीला टेकलेल्या.

"साडेअठरा," तो म्हणाला आणि पुन्हा तपासलं. "घरातल्या खुर्च्या साडेअठराच्याच. मग पाय तर जसेच्या तसे आहेत."

"असणारच," थोरली मागून म्हणाली. ती दारातच उभी होती, पुढं यायची तिची हिंमत नव्हती. "विजारीला मी एकदाही कात्री लावली नाही. लांबी होती तीच आहे. कमी झालं ते फक्त शर्टात."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण ऐकलं.

"आता हात सोडा," दादा म्हणाला. "खांदा सैल. अजून सैल. कोपर वाकवा."

त्यानं समोरची फळी खाली आणायला सुरुवात केली. एकतीसवर होती ती. तीस. साडेएकोणतीस. अप्पांचं कोपर अजून हवेत खालीच. एकोणतीस. साडेअठ्ठावीसला फळीची कड कोपराच्या बरोबर खाली येऊन थांबली. दादानं खुंटी ठोकली.

"अडीच इंच," तो म्हणाला. "अप्पा, पाठ खचली आहे तुमची. बाकी काही नाही. तुम्ही खांदा वर उचलून जेवत होता. खांदा वर उचलून रंधा मारत होता. कुणाचाही हात सुटेल असं केलं तर."

धाकट्यानं घरातून सुपाचा वाडगा आणला होता. त्यानं तो त्या फळीवर ठेवला. अप्पांनी चमचा उचलला. चमचा वाडग्यातून निघाला आणि तोंडात गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. थेंब सांडला नाही.

अप्पांनी चमचा खाली ठेवला आणि हात समोर धरला. उलटा केला, सुलटा केला.

"म्हणजे हात ठीक आहेत," ते म्हणाले.

"हात ठणठणीत आहेत," आक्का म्हणाली आणि रुमालानं नाक पुसायला तिनं तोंड फिरवलं.

"मग सोपं आहे," धाकटा म्हणाला. "खुर्चीवर जाड उशी घालू. अडीच इंचाची."

"उठ," अप्पा म्हणाले. "बस इथं. बैठक अडीच इंच वर घेतो आणि मग सांग, टाचा टेकतात का. माझ्या वयाला पाय लोंबकळत ठेवून बसवतोस? उठताना तोंडावर आपटेन." हा आवाज चार महिन्यांत कोणी ऐकला नव्हता. "खुर्ची वर नाही जायची. टेबल खाली येईल."

"आईचं टेबल कापायचं?" दादा गडबडला. "अप्पा, ते आईच्या वेळचं..."

"आईचं?" अप्पा उभे राहिले. "तुझी आई त्या टेबलाशी पालथ्या डब्यावर पाय ठेवून जेवली. जन्मभर. साऱ्या गावाला मी या खुर्चीवर बसवलं आणि तिला एकदाही म्हटलं नाही, ये, बस, तुझं माप घेतो. दिव्याखाली अंधार! आणि तू तिच्या नावानं ते जपतोस? आण करवत."

टेबल उलटं केलं तेव्हा दोन वाजले होते. चारही पाय छताकडे. अप्पांनी पेन्सिल कानामागून काढावी तशी मागितली आणि पहिल्या पायावर अडीच इंचांवर काटकोनाचा गुण्या लावला. रेघ ओढली. थोरली वाकून बघत होती. पांढऱ्या लाकडावर ती रेघ केसाएवढी बारीक होती आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठंही हलली नव्हती. चार पायांच्या चारही बाजू, सोळा रेघा. प्रत्येक रेघ झाली की अप्पा मान थोडी मागं घेऊन बघायचे आणि त्यांच्या ओठांचा कोपरा थोडा वर जायचा. करवत दादानं चालवली. आक्कानं पाय धरले. भुसा तिच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांवर उडाला आणि ती काही बोलली नाही, यावरून काय ते समजा.

या सगळ्यात अप्पा थोरलीशी एक शब्द बोलले नव्हते. गुण्या मागितला तोही दादाकडे. तिनं कापडानं चार पायांच्या टोकांवरचा भुसा पुसला, सूप पुन्हा गरम केलं, ताटं मांडली. हातांना काम होतं म्हणून बरं. घरातून ते जाणार नव्हते, हे आता दिसत होतं. पण तिच्यापुरते ते गेले होते की काय?

साडेचारला सगळे पुन्हा टेबलाशी बसले. अप्पा त्यांच्या जागेवर. दादानं खुर्ची पुढं ओढली आणि "आई गं" म्हणून ओरडला. टेबलाखालची आडवी पट्टी त्याच्या मांड्यांना घासत होती.

"तिरका बस," अप्पा म्हणाले. "नाहीतर पोट कमी कर. पट्टीला हात लावायचा नाही."

आक्का खुदकन हसली. मग धाकटाही. आणि मग फोन वाजला, भिंतीवरच्या घड्याळात पाचला दोन मिनिटं कमी असताना.

धाकट्यानं फोन कानाला लावला. "हो... हो, बोलतोय." त्यानं अप्पांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. अप्पांनी चमचा तोंडात घातला, सावकाश गिळला.

"खोली चांगली आहे म्हण," ते म्हणाले. "खिडकीही चांगली. पण आधी विचार, जेवायचं टेबल किती इंचांचं आहे?"

"अप्पा!"

"विचार तर."

धाकट्यानं विचारलं. पलीकडच्या बाईंना अर्थातच माहीत नव्हतं. "नाही, मग नको," तो फोनवर म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आक्कानं तो चार पानी कागद उचलला, चार घड्या केल्या आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

थोरली उठून भांडी उचलू लागली.

"सूनबाई."

तिनं हातातले चमचे खाली ठेवले.

"बस खाली. पाय मुडपू नकोस. नीट बस."

ती बसली. दोन्ही पाय खाली सोडले. तिचे अंगठे जमीन शोधू लागले आणि त्यांना ती सापडेना. अप्पा खुर्चीचा हात धरून उठले, तिच्या जवळ आले आणि हळूहळू, गुडघ्यावर एक हात दाबून खाली बसले. दादा पुढं झाला. त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. तिच्या टाचेखाली त्यांनी आपला हात आडवा धरला, बोटं मोजली, मग जमिनीवर टेकवून पुन्हा मोजली.

"किती वर्षं अशी बसतेस?"

"बावीस."

"बावीस वर्षं पाय लोंबकळत. आणि बोलली नाहीस?"

आज एवढं बोलून झालं होतं, आता मागं काय ठेवायचं?

"तुम्ही तरी कुठं बोललात, अप्पा? चार महिने खोलीत हात बघत बसलात. मला एकदा हाक मारली असती तर मी सांगितलं असतं."

सासऱ्याला असं उलटून कोणी बोललं नव्हतं त्या घरात. अप्पा खाली बसल्या बसल्या तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"खरं आहे," ते म्हणाले. "दोघांनी मिळून मला घालवलं असतं. तू टाके घालून आणि मी तोंड शिवून." ते थांबले. "उद्या ते सातही शर्ट काढ. त्यांचं काही करू नकोस, जसे आहेत तसे बसतात. पण टेप घेऊन ये आणि माझं माप घे, आणि घेतलेलं माप मोठ्यानं सांग. या घरात यापुढं कोणाचंही माप मोठ्यानं सांगायचं. ऐकलंत का रे सगळ्यांनी?"

"ऐकलं," दादा म्हणाला.

"मग हे ऐक. तीन इंच. सूनबाईला तीन इंच कमी पडतात." त्यांनी तिच्या टाचेखालचा हात अजून काढला नव्हता, तिची टाच आता त्यांच्या तळव्यावर टेकली होती. "ते पायांचे कापलेले चार ठोकळे टाकलेस का कुठं?"

"नाही," दादा म्हणाला. "भुशात पडलेत."

"आण. अडीचचे ठोकळे, वर अर्ध्या इंचाची फळी, झाला हिच्या पायाखालचा पाट. चार स्क्रू दे. आणि कुणीतरी मला उठवा आता, गुडघे गेले माझे. पण हात आहेत."

थोरलीनंच त्यांना उठवलं.